सीडी प्लेअर घेताय? आधी हॉल मोजा

घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेचा हॉल साधारण १० फूट बाय १६ फुटांचा असतो. लाखभर रुपयांचा सीडी प्लेअर घ्यायला निघालेल्या माणसाला मी आधी हॉलचं माप विचारतो आणि तो हमखास हिरमुसतो. त्याला डॅक चिपबद्दल, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या चिपबद्दल, बोलायचं असतं. बोलू की. पण सीडी बिनचूक वाचायचं काम सोनी आणि फिलिप्सच्या इंजिनिअरांनी १९८२ सालीच मार्गी लावलं आहे, त्यामुळे तिथे जास्तीचे पैसे ओतून फारसं काही हाती लागत नाही.

ते काम आहे मात्र भन्नाट. सीडीवर आतून बाहेर गोल गोल फिरत जाणारी एकच सर्पिल रेघ असते. तिच्या दोन वेढ्यांमध्ये अंतर १.६ मायक्रोमीटर, आणि सरळ उलगडली तर लांबी पाच किलोमीटरच्या वर. त्या रेघेत मायक्रोमीटरच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतके खोल खळगे असतात. ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर त्यांवर पडतो. खळग्याच्या तळावरून आणि काठावरून परतणारे किरण एकमेकांना बरेचसे मारून टाकतात, म्हणून खळग्यावर प्रकाश मंदावतो, आणि या चढउतारांतून आवाजाचे आकडे वाचले जातात. ही खोली लेझरच्या तरंगलांबीशी जुळवून मुद्दामच ठेवलेली आहे.

लेझर सीडीच्या पृष्ठभागावर शिरतो तेव्हा त्याचा ठिपका जवळजवळ पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक ओलांडून खळग्यांपर्यंत पोहोचताना तो दीड-पावणेदोन मायक्रोमीटरवर येतो. खालच्या बाजूची धूळ आणि बोटांचे ठसे त्याला धूसर दिसतात, ते यामुळेच. उलट लेबलच्या बाजूला माहितीच्या थरावर लॅकरचं पातळ आवरण तेवढं असतं. आपण जपतो चकचकीत बाजू, नाजूक असते ती दुसरी! पुसतानाही मधून कडेकडे सरळ पुसावं. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा पडला, तर तो रेघेच्या दिशेने लांबवर माहिती खातो.

तरी काही माहिती गेलीच, तर गणित धावून येतं. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेली चूक-दुरुस्तीची पद्धत सीडीत वापरली आहे. रेघेचा दोन-अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही, तरी त्यातली माहिती जशीच्या तशी परत मिळते. मग ते आकडे आधी मेमरीत जमा होतात आणि क्वार्ट्झ स्फटिकाच्या काटेकोर ठेक्यावर सेकंदाला ४४,१०० वेळा बाहेर पडतात. मोटर थोडी मागेपुढे झाली तरी सुराला धक्का लागत नाही.

सीडीवरचा प्रत्येक आकडा १६ बिटांचा असतो, म्हणून तिच्यावरच्या सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजातला आवाका ९६ डेसिबलचा आहे. आता रात्री खिडक्या लावा, पंखा तीनवर ठेवा. हॉलमध्ये चाळीसेक डेसिबलची घरघर शिल्लक राहतेच. सीडीवरचा सर्वांत बारीक आवाज त्या घरघरीच्या वर काढायचा, तर सर्वांत मोठा आवाज १३६ डेसिबलवर जाईल. तिथे कान दुखायला लागतात, आणि शेजारी त्याच्या बरंच आधी बेल वाजवतात.

म्हणून पैसा स्पीकरवर घाला. चांगल्या प्लेअरमधली विकृती, म्हणजे मूळ आवाजात होणारा बिघाड, टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमी असते, स्पीकर मात्र खर्जात सहज टक्का-दोन टक्के विकृती घालतो. अॅम्प्लिफायरच्या वॅटांनीही भुलू नये. ५० वॅटचे १०० केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ८७ डेसिबल संवेदनक्षमतेऐवजी (तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो, ते माप) ९० चा स्पीकर घेतला की तेवढंच साधतं. आणि वायर? तीन मीटर अंतरासाठी इलेक्ट्रिशियनकडची २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली, तर जाऊन-येऊन रोध ओहमच्या वीसाव्या भागाहूनही कमी भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. हजारो रुपयांच्या केबलची महती सांगणाऱ्याला चहा पाजावा आणि विषय बदलावा.

आता त्या १० फुटांकडे वळू. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्याची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो सूर खोलीत साठून राहतो. १० फुटांसाठी तो ५७ हर्ट्झच्या आसपास येतो. भिंतीलगत तो सर्वांत जोरात, दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ गायब. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटलेला, समोरच्या भिंतीला टीव्ही आणि त्याच्या दोन बाजूंना कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर. मग तबल्याचा डग्गा घुमत राहतो, तानपुऱ्याची जवारी त्यात बुडते आणि दोष येतो प्लेअरच्या माथी. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून काढा. पडद्यांनी हा घुमारा जात नाही, कारण ५७ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते. पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट यांचा उपयोग वरच्या सुरांना होतो. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की व्हिट्रिफाइड टाइल्स आणि काचांमधून जो टणत्कार परत येतो, तो त्यांनी मरतो.

दुकानात दोन प्लेअर ऐकताना आवाज सारखा करून मागा. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा प्लेअर कानाला ‘जास्त खुला’ वाटतो, आणि प्लेअरांचे आउटपुट सगळे अगदी सारखे नसतात. खरा प्रश्न विचारायचा तो लेन्स युनिटचा: पाच-सात वर्षांनी लेझर थकला तर सुटा भाग मिळणार का, आणि बसवून कोण देणार? डिजिटल आउटपुट असेल तर उत्तमच, डॅक पुढेमागे वेगळा घेता येतो. ट्रे उघडेना झाला, तर बहुतेकदा आतला रबरी पट्टा सैल पडलेला असतो, तो स्वस्तात बदलून होतो. जपानमधून आलेला जुना प्लेअर घेत असाल, तर मागची पट्टी वाचा. तो १०० व्होल्टचा असेल, तर २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावताच ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सोबत व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.