नोकरी सांभाळून बँकेची परीक्षा: अर्जाआधी कोणते कागद, कोणत्या तारखेचे?

बँक भरतीची जाहिरात आली की अर्जाला तीन-चार आठवडे मिळतात. घरी बसून अभ्यास करणाऱ्याला एवढा वेळ पुरतो. पण जळगावच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारा, धुळ्यात मेडिकलच्या काउंटरवर उभा राहणारा किंवा अमळनेर-जळगाव अप-डाऊन करणारा माणूस याच तीन-चार आठवड्यांत अडकतो. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. तुम्हाला सुट्टी असते त्या दिवशी तहसील आणि प्रांत कार्यालयालाही कुलूप असते. म्हणून आधी कागद आणि मग अभ्यास, असाच क्रम ठेवा असे मी आग्रहाने सांगतो. अभ्यास रात्री अकरालाही होतो, दाखला मात्र रात्री अकराला निघत नाही.

कोणती भरती, कोण पात्र

सरकारी मालकीच्या अकरा बँकांतील क्लार्क आणि पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे अधिकारी) या पदांसाठी आयबीपीएस ही संस्था एकत्रित परीक्षा घेते. क्लार्कच्या पदाला आता ग्राहक सेवा सहयोगी असे नाव आहे. स्टेट बँक आपली भरती स्वतंत्रपणे करते. ग्रामीण बँकांची परीक्षा आयबीपीएसच घेते, पण तिचा अर्ज वेगळा असतो. 1 मे 2025 पासून राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी पीओ आणि क्लार्कचे अर्ज जुलै-ऑगस्टमध्येच सुरू झाले होते.

तिन्हीकडे शिक्षणाची अट सारखीच आहे, कोणत्याही शाखेची पदवी. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची (उमवि) चालते, मुक्त विद्यापीठाचीही चालते. मात्र जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत निकाल लागलेला असला पाहिजे. शेवटच्या सत्राचा एक विषय राहिला असेल तर त्या वर्षी आयबीपीएसचा अर्ज करू नका, कागदपत्र तपासणीत ते उघड होतेच. क्लार्कसाठी संगणकाचे ज्ञानही लागते. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घरात कुठे तरी असेलच, ते शोधून ठेवा.

वयाची अट क्लार्कला 20 ते 28, पीओला 20 ते 30, ग्रामीण बँकेच्या कार्यालय सहायकाला 18 ते 28 आणि स्टेट बँकेच्या पीओला 21 ते 30 अशी आहे. ओबीसींना 3, अनुसूचित जाती-जमातींना 5 आणि दिव्यांगांना 10 वर्षांची सूट मिळते. वय अर्जाच्या दिवशी मोजत नाहीत, जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजतात. 2025 च्या क्लार्क भरतीत ती तारीख 1 ऑगस्ट होती, त्यामुळे खुल्या गटातल्या उमेदवाराचा जन्म 2 ऑगस्ट 1997 च्या आधीचा चालत नव्हता. नोकरीत दोन-तीन वर्षे कशी निघून गेली हे कळत नाही. उरलेल्या संधी आजच मोजून कागदावर लिहा.

क्लार्कचा अर्ज एकाच राज्यासाठी भरता येतो आणि त्या राज्याची भाषा वाचता-लिहिता-बोलता यावी लागते. रावेरच्या उमेदवाराला बऱ्हाणपूर जवळ वाटते, नवापूरच्या उमेदवाराला गुजरात. पण राज्य बदलले की भाषेची कसोटीही त्या राज्याची आणि नेमणूकही तिथलीच. घरात अहिराणी, तावडी किंवा पावरी बोलणाऱ्यांनी बिचकायचे काहीच कारण नाही, चाचणी शाळेतल्या मराठीची असते. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनी मात्र मराठी लिहिण्याचा सराव ठेवावा. क्लार्क आणि ग्रामीण बँकेचा पेपर मराठीतून देता येतो, पीओचा फक्त इंग्रजी किंवा हिंदीतून.

जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले

सर्वांत जास्त नुकसान इथे होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बँकांची भरती केंद्राच्या नियमांनी चालते. कॉलेजच्या प्रवेशासाठी काढलेला राज्याच्या नमुन्यातला मराठी दाखला इथे उपयोगी पडत नाही. दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात, इंग्रजी किंवा हिंदीत हवा. तो नमुना कुठे मिळतो ते जाहिरातीत दिलेले असते. गेल्या वर्षीच्या भरतीचा नमुना छापून सेतू केंद्रात सोबत न्या आणि ‘केंद्राच्या नोकरीसाठी’ असे स्पष्ट सांगा. तसे सांगितले नाही तर सवयीने राज्याचाच दाखला हातात पडतो.

ओबीसी उमेदवाराचा नॉन-क्रीमी लेयरचा (म्हणजे कुटुंब सधन गटात मोडत नाही असा) उल्लेख असलेला दाखला त्याच आर्थिक वर्षातला, म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेला मागतात. राज्याच्या दाखल्यावर तीन वर्षांची मुदत लिहिलेली असते, ती पाहून अनेक जण निर्धास्त राहतात. बँक मुदत पाहत नाही, दाखला कधी काढला ते पाहते. म्हणून एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांमुळे फैजपूर काय, अमळनेर काय, प्रांत कार्यालयांत फायलींचा ढीग लागतो.

नोकरी करणारे नेहमी विचारतात, ‘मला आता पगार आहे, मग मी क्रीमी लेयरमध्ये जातो का?’ ओबीसीसाठी तुमचा स्वतःचा पगार धरत नाहीत, आई-वडिलांची स्थिती पाहतात. लग्न झालेल्या मुलींनाही हेच लागू आहे. नवऱ्याचे उत्पन्न धरत नाहीत, वडिलांकडचेच कागद लागतात. माहेर चोपड्याचे आणि सासर साक्रीचे असेल तर दाखल्याच्या खेपा चोपड्याला घालाव्या लागतील, त्या हिशेबाने रजा ठेवा.

ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) नियम नेमका उलटा आहे. इथे तुमचा पगार धरतात. तुम्ही, आई-वडील, नवरा किंवा बायको, 18 वर्षांखालील भावंडे आणि मुले या सर्वांचे मागच्या आर्थिक वर्षाचे सगळे उत्पन्न एकत्र करून ते 8 लाखांच्या आत असावे लागते. पगार, दुकान आणि शेती सगळे त्यात येते. उत्पन्न कितीही कमी असले तरी कुटुंबाकडे 5 एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर हा दाखला मिळत नाही. कापूस-केळीच्या या पट्ट्यात पाच एकर कोरडवाहू बाळगणारे घर श्रीमंत नसते, मला ही अट जाचक वाटते, पण नियम तसा आहे. वेगवेगळ्या गावांतली जमीनही एकत्र धरतात, म्हणून सगळे सातबारे आधी काढून बेरीज करा.

मराठा समाजातल्या मुलांसाठी एक गोष्ट. 2024 च्या कायद्याने मिळालेले एसईबीसीचे (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे) 10 टक्के आरक्षण राज्याच्या नोकऱ्यांसाठी आहे. बँकेच्या अर्जात हा प्रवर्गच नसतो. ईडब्ल्यूएसच्या अटी पूर्ण होत असतील तर केंद्राच्या नमुन्यातला तो दाखला काढा, नाहीतर खुल्या गटातून भरा. विमुक्त-भटक्यांचे राज्यातले वेगळे प्रवर्गही केंद्रात तसे नाहीत. बंजारा, वंजारी, धनगर अशा जाती केंद्राच्या ओबीसी यादीत येतात. आपली जात त्या यादीत कोणत्या शब्दांत लिहिली आहे ते पाहून दाखल्यावरही तेच शब्द आहेत ना, ते तपासा. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, यावल या भागांतल्या आदिवासी उमेदवारांनी जात वैधता प्रमाणपत्राचे काम बँकेच्या निकालाची वाट न पाहता आधीच सुरू करावे.

ना हरकत प्रमाणपत्र कोणाला लागते

खासगी नोकरीत असाल तर अर्ज करताना मालकाची परवानगी लागत नाही. कंपनीला कळवायचे की नाही, हा तुमचा प्रश्न. सरकारी, निमसरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमात असाल तर मुलाखत किंवा कागदपत्र तपासणीच्या वेळी ना हरकत प्रमाणपत्र दाखवावेच लागते. भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी, महावितरण, एसटीचे आगार, जिल्हा परिषद ही सगळी यात येतात. ते नसेल तर उमेदवारी विचारात घेत नाहीत. फाइल टेबलाटेबलांवरून फिरत जाते, म्हणून अर्ज भरला त्याच आठवड्यात कार्यालयात लेखी विनंती द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या.

प्रत्यक्ष अर्ज

अर्ज फक्त ऑनलाइन भरायचा असतो. आयबीपीएसचे शुल्क 850 रुपये आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 175; क्लार्कच्या अर्जात माजी सैनिकांनाही 175. स्टेट बँकेचे शुल्क 750 असून अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना माफ आहे. पैसे भरून झाल्यावर पावती आणि अर्ज दोन्ही स्वतःच्या ईमेलवर साठवून ठेवा. मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याने घाईत स्वतःचा ईमेल टाकला तर प्रवेशपत्राचा निरोपही त्याच्याकडेच जाईल.

चार गोष्टी स्कॅन करून ठेवा. फोटो आणि डाव्या अंगठ्याचा ठसा 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी, हस्तलिखित घोषणापत्र 50 ते 100 केबी. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करा, इंग्रजीतली सही असेल तर ती कॅपिटल अक्षरांत नको. घोषणापत्राचा मजकूर जाहिरातीत दिलेला असतो. तो इंग्रजीतच, स्वतःच्या हाताने आणि कॅपिटल अक्षरे टाळून लिहायचा. आता अर्ज भरताना कॅमेऱ्यासमोर लाइव्ह फोटोही द्यावा लागतो, म्हणून दुसऱ्याला ‘माझा फॉर्म भरून ठेव’ म्हणून सांगण्याचे दिवस गेले. मशीनवर, रसायनात किंवा शेतात काम करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांनी ठसा दोन-तीनदा घेऊन सर्वांत स्पष्ट उमटलेला ठेवावा.

नावाकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे असते आणि आधारवर बहुधा शेवटी. अर्जातले नाव गुणपत्रिका आणि ओळखपत्र या दोन्हींशी जुळायला हवे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र जवळ असू द्या. परीक्षेच्या दिवशी रेशन कार्ड किंवा लर्निंग लायसन्स ओळखपत्र म्हणून चालत नाही.

परीक्षा आणि रजा

क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत एका तासात 100 प्रश्न असतात: इंग्रजी 30, गणित 35, बुद्धिमत्ता 35. प्रत्येक विभागाला 20 मिनिटे, आणि एका विभागाचा वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. वेळेची ही मांडणी नोकरदाराला सोयीची आहे. सलग चार तास मिळत नाहीत म्हणून हळहळू नका. गाडीत, जेवणाच्या सुट्टीत, शिफ्ट सुरू होण्याआधी 20 मिनिटांचा एकेक विभाग घड्याळ लावून सोडवा. रविवारी एक पूर्ण पेपर सोडवा आणि तेवढाच वेळ चुका पाहण्यात घाला. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन धडा हाती घेऊ नका, झालेल्याची उजळणी करा.

परीक्षा केंद्रासाठी जळगाव, धुळे मागता येते, पण ते मिळेलच याची खात्री नाही. तारीख, वेळ किंवा केंद्र बदलून देत नाहीत. प्रवेशपत्र आले त्याच दिवशी पाळी बदलून घ्या किंवा रजा टाका. मुख्य परीक्षेची केंद्रे कमी असतात, म्हणून तिच्यासाठी प्रवासाचा जादा दिवस धरा. क्लार्कला मुलाखत नसते. पीओला असते आणि अंतिम निवडीत मुख्य परीक्षा व मुलाखतीचे वजन 80:20 असे धरतात.

रुजू होण्याआधी

मोटारसायकलचे किंवा मोबाइलचे हप्ते चालू असतील तर ते थकवू नका. रुजू करून घेताना बँका उमेदवाराचा पतइतिहास पाहतात. थकीत कर्जाच्या कारणावरून स्टेट बँकेने रद्द केलेली एक नेमणूक मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये योग्य ठरवली. जुने कर्ज फेडले असूनही नोंदीत बाकी दिसत असेल तर त्या संस्थेकडून बाकी नसल्याचे पत्र घ्या.

नुसत्या निकालावर राजीनामा देऊ नका. तात्पुरत्या वाटपात बँकेचे नाव आले तरी कागदपत्र तपासणी आणि वैद्यकीय तपासणी पुढे असते. बँकेचे नेमणूक पत्र हातात आल्यावरच राजीनामा द्या. आत्ताच्या कंपनीच्या नियुक्तिपत्रात नोटिशीचा काळ किती लिहिला आहे ते आजच वाचा, कारण रुजू होताना जुन्या नोकरीचे कार्यमुक्ती पत्र मागतात. नोटीस तीन महिन्यांची असेल आणि बँकेने दिलेली मुदत त्याहून कमी असेल, तर मुदतवाढीसाठी बँकेला लगेच लेखी अर्ज करा आणि नोटिशीऐवजी पगार भरून लवकर सुटता येते का, ते कंपनीच्या एचआरला विचारा.