बिली जीन किंग कपसाठी भारताच्या टीममध्ये जायचं तर फॉर्म कुठे भरायचा?

कुठेच नाही, असा फॉर्मच नसतो. हा कप म्हणजे महिला टेनिसची देशादेशांमधली टीम स्पर्धा. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला या कपचा आशिया-ओशनिया ग्रुप वन हा टप्पा झाला, भारताच्या श्रीवल्ली भामिदिपतीने पाचच्या पाच सिंगल्स काढल्या, आणि तेव्हापासून नाशिकच्या टेनिसवाल्या आईबाबांचा हा प्रश्न वाढलाय. टीम निवडते ऑल इंडिया टेनिस असोसिएशन म्हणजे एआयटीएची सिलेक्शन कमिटी, रँकिंग आणि सध्याचा खेळ बघून. त्यामुळे कोर्टाबाहेर चहा पाजून कोणी "एवढे भरा, नाव लावून देतो" म्हणालं तर चहा प्या आणि घरी या.

आपल्या हातात काय, तर कागद आणि रजिस्ट्रेशन.

मेन कपला वय किमान 14 पूर्ण लागतं आणि त्या देशाचा चालू पासपोर्ट. त्याच्या खाली 16 वर्षांखालच्या मुलींचा ज्युनियर बिली जीन किंग कप, आणि त्याखाली 14 वर्षांखालची वर्ल्ड ज्युनियर टेनिस. पुतणी अमेरिकेत जन्मलीय, तिकडचा पासपोर्ट आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे, चालेल का? नाही चालत. अमेरिकन पासपोर्टवाल्या शिखा उबेरॉय, सुनीता राव भारताकडून खेळल्या हे खरं, पण 2008 च्या शेवटी क्रीडा मंत्रालयाने भारतीय पासपोर्टच हवा असं ठरवलं आणि तो रस्ता बंद झाला.

आता खरी गंमत जन्मदाखल्यात आहे. वयोगटाच्या स्पर्धा म्हटल्यावर पहिला कागद हाच बघतात. बऱ्याच घरात हॉस्पिटलमधून आलेल्या नोंदीवर मुलीचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं नाव आणि तारीख, आणि शाळेत ॲडमिशन आधारवर झालेलं असल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या भागात जन्म झाला, म्हणजे सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड वगैरे, तिथल्या महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीकडे विचारा. पहिल्या वर्षात नाव फुकट चढतं, नंतर 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून, म्हणून पोरगी तेरा-चौदाची असेल तर हे काम आधी उरका. स्पेलिंग दाखला, आधार, पासपोर्ट तिन्हीकडे एकच ठेवा, एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नाही असं असलं की पुढे प्रत्येक खिडकीवर तेच तेच समजावत बसावं लागतं.

पासपोर्टसाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवर फॉर्म, मायनर म्हणजे 18 च्या आतली असेल तर आईवडील दोघांच्या सहीचं ॲनेक्शर डी हे संमतीपत्र. 15 वर्षांखालच्या मुलीचा पासपोर्ट 5 वर्षं किंवा 18 पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तेवढाच चालतो, त्यामुळे दहाव्या वर्षी हौसेने काढलेला ऐन पंधराव्या वर्षी संपतो, आणि कित्येक देश सहा महिने व्हॅलिडिटी शिल्लक मागतात, तेही आधीच बघून ठेवा.

मग एआयटीएचं प्लेअर रजिस्ट्रेशन ऑनलाइन, राज्याच्या स्पर्धांसाठी एमएसएलटीएचं, म्हणजे राज्याच्या टेनिस संघटनेचं, वेगळं. रँकिंगचे पॉइंट्स टॅलेंट सिरीज या सगळ्यात खालच्या पायरीच्या स्पर्धांपासून सुरू होतात, मग चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज असं वर चढायचं. इथे एंट्रीची आणि विथड्रॉवलची तारीख वेगवेगळी असते, एंट्री टाकून विसरलेले पालक दंड भरताना दिसतात. बाहेरच्या आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ज्युनियर स्पर्धा खेळायच्या तर आयपिन हा त्यांचा खेळाडू नंबर काढावा लागतो, फी भरून, आणि मुलीला 13 पूर्ण हवीत.

एक मेडिकलचं. दम्याचा पंप, एखादं स्टेरॉइडचं औषध चालू असेल तर आयटीएफ लेव्हलला जायच्या आधीच डॉक्टरांशी डोपिंगच्या, म्हणजे बंदी असलेल्या औषधांच्या, यादीबद्दल बोला. काही औषधांना टीयूई म्हणजे आगाऊ परवानगी लागते आणि त्याला जुने रिपोर्ट जोडावे लागतात, तेव्हा फाइल फेकू नका.