कोडवाला रिमोट की शिकणारा रिमोट? ‘युनिव्हर्सल’ दोन्हींवर लिहिलेलं असतं

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात जाऊन तुम्ही म्हणालात, "टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि होम थिएटर, तिन्हीला चालेल असा एकच रिमोट द्या," तर काउंटरवरचा पोरगा मागच्या फळीवरून दोन पाकिटं काढून समोर ठेवतो. दोन्हींवर ‘युनिव्हर्सल’ छापलेलं असतं. फरक विचारला की उत्तर येतं, "दोन्ही सेमच आहेत की ओ मालक, कुठलंबी न्या."

ते सेम नाहीत. एका पाकिटात कोडवाला रिमोट असतो, दुसऱ्यात लर्निंग, म्हणजे शिकणारा रिमोट. दिसायला जुळे भाऊ, पण कामाची रीत अगदी उलटी. कोडवाल्याकडून कारखान्यातच कितीतरी कंपन्यांचे संकेत पाठ करून घेतलेले असतात. आपलं यंत्र कुठलं, एवढंच त्याला पाकिटातल्या चिठ्ठीवरचा आकडा, म्हणजे कोड, घालून सांगायचं. शिकणाऱ्याची पाटी कोरी असते. जुना रिमोट समोर धरून एकेक बटण त्याला शिकवावं लागतं. चुकीचा उचलला तर पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांचा भरवसा उडतो. आमच्या आईचं तसं झालं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी टीव्ही आहे, डीटीएचचा बॉक्स आहे, आणि वडिलांनी गावातल्याच एका मेकॅनिककडून बनवून घेतलेला ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा, अँप्लिफायर (अँप) आहे. अँपला पुढे कधीतरी यूएसबी-ब्लूटूथचं किट बसवलं, त्याच्यासोबत आलेला तळहाताएवढा चपटा रिमोट वेगळा. आईला संध्याकाळी कीर्तन ऐकायचं तर तीन रिमोट ठरल्या क्रमाने दाबायचे. मी हौसेने एक युनिव्हर्सल रिमोट आणला. टीव्ही पाच मिनिटांत जुळला. बॉक्सही जुळला. अँप मात्र काही केल्या ऐकेना. पाकिटातल्या चिठ्ठीवरचे ‘ऑडिओ’खालचे सगळे आकडे घालून पाहिले, ऑटो सर्च (यात रिमोट स्वतःच एकेक कोड पाठवून बघतो) लावून बटण धरून बसलो, एक अख्खा रविवार गेला. आई म्हणाली, "राहू दे रे बाबा, माझे तीनच बरे."

कारण नंतर कळलं. चिठ्ठीत कंपन्यांची नावं असतात, आणि असेंबल केलेल्या अँपला कंपनीच नसते. त्याचं नाव यादीत येणार तरी कुठून?

रिमोट बोलतो कसा हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. वडील यंत्रमागावर होते, त्यांना मी ते चादरीवरूनच सांगितलं. जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि अशा ओळींमागून ओळी जाऊन चादरीवर मोर उमटतो. रिमोटचंही तसंच. पुढच्या छोट्या दिव्यातून इन्फ्रारेड प्रकाश निघतो, बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणून आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि ती लुकलुकही सलग नसते, तुकड्यातुकड्यांनी येते. आहे, नाही, आहे, आहे, नाही. ही एक ओळ म्हणजे एक बटण. स्वस्त किटांमध्ये सर्रास असते त्या एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, मग साडेचार मिलिसेकंदांची शांतता आणि पाठोपाठ ३२ बिट, म्हणजे हो की नाही अशा ३२ खुणा. सोनीची पद्धत ४० हजारांवर चालते. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ हजारांवर, १४ बिटांची. टीव्हीला फक्त आपल्या ओळखीची ओळ कळते, बाकीच्या तो सोडून देतो.

म्हणजे कोडवाला रिमोट हा तयार पुठ्ठ्यांची भरलेली पेटी घेऊन येतो. तुमच्या चादरीचा पुठ्ठा पेटीत असेल तर काम एका मिनिटाचं. नसेल तर पेटी कितीही मोठी असो, उपयोग नाही. शिकणारा रिमोट समोरचा पुठ्ठा बघून तसाच दुसरा पाडतो. त्याला कंपनीचं नाव लागत नाही, पण समोर अस्सल पुठ्ठा हवाच. मूळ रिमोट हरवला असेल किंवा शेवटच्या घटका मोजत असेल, तर तो शिकणार कुणाकडून?

निवड खरं तर इथेच होते. मूळ रिमोट चालू आहे आणि यंत्र अनोळखी आहे, तर शिकणारा. यंत्र नामांकित कंपनीचं आहे आणि रिमोट हरवलाय, तर कोडवाला. अडचण एवढीच की होम थिएटर म्हणजे एक यंत्र नव्हे, तीन-चार यंत्रांचं कुटुंब, आणि त्या कुटुंबात दोन्ही तऱ्हेची माणसं असतात. आमच्याकडे पुढे टीव्हीचाच मूळ रिमोट पाण्यात पडून गेला. मग एकाच रिमोटमध्ये दोन्ही गुण असलेला शोधावा लागला. असे मिळतात. पाकिटावर ‘लर्निंग’ हा शब्द आहे का ते पाहा, आणि किती बटणं शिकतात ते विचारा. काहींमध्ये टीव्हीची चार-पाच बटणंच शिकाऊ असतात आणि पाकिटावर तरीही मोठ्या अक्षरात ‘लर्निंग’ असतं.

शिकवताना काय होतं ते जरा खोलात सांगतो, कारण अर्धे लोक इथेच हार मानून रिमोट परत करतात. दोन्ही रिमोटची तोंडं समोरासमोर, दोन-तीन बोटांचं अंतर, टेबलावर सपाट ठेवून. जुन्या रिमोटमध्ये नवे सेल घाला. अशक्त दिव्याची ओळ अर्धवट वाचली जाते. खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा ओढा, कारण उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. जवळचा ट्यूबलाइट बंद केलेला बरा. एनईसी पद्धतीत बटण दाबून धरलं की पूर्ण ओळ एकदाच जाते आणि नंतर नुसती ‘पुन्हा तेच’ अशी छोटी खूण जात राहते. शिकणाऱ्याने चुकून ती खूणच टिपली तर बटण मुकं राहतं. म्हणून माहितीपत्रकात वेगळं सांगितलं नसेल तर बटण एकदा टिचकीसारखं दाबून सोडा.

आरसी-५ मध्ये आणखी एक गाठ आहे. त्या पद्धतीत एक बिट दर नव्या दाबाला पालटतो, त्यावरून टीव्हीला कळतं की हा नवा दाब आहे की पहिलाच अजून धरून ठेवलाय. शिकणाऱ्याने ओळ जशीच्या तशी गोठवून ठेवली की तो बिटही गोठतो. मग ११ नंबरचा चॅनेल लावायला तुम्ही दोनदा १ दाबता आणि टीव्हीला एकच १ पोचतो. आवाज कमी-जास्त करताना हे जाणवत नाही, आकडे दाबताना जाणवतं. कोडवाल्यात हा त्रास नाही, कारण त्याला पद्धतच माहीत असते, तो दर दाबाला ओळ नव्याने तयार करतो.

कोडवाल्याची याहून मोठी ताकद मला फार उशिरा कळली. बहुतेक रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. पण अनेक कंपन्यांच्या यंत्रांना ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे दोन वेगळे संकेतही कळतात, मात्र घरच्या रिमोटवर त्यांची बटणंच दिलेली नसतात. जे बटण जुन्या रिमोटवर नाही ते शिकणारा शिकणार कसं? चांगल्या कोडवाल्याच्या पेटीत मात्र ते संकेत असू शकतात.

आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. लाईट जाऊन आली की टीव्ही स्टँडबायवर जातो आणि असेंबल केलेला अँप मेन स्विच चालू असल्याने थेट सुरू होतो. अशा वेळी ‘सगळं चालू’ म्हणून एका बटणावर बसवलेला क्रम टीव्ही चालू करतो आणि अँप बंद करतो. मग आई हाक मारते की आवाज येत नाही. वेगळे चालू-बंद संकेत मिळत असतील तर हा घोळ होत नाही. आमच्या अँपला ते नाहीत, म्हणून त्याचं पॉवर बटण मी क्रमातून काढून टाकलं आणि आईला सांगितलं, अँप भिंतीवरच्या स्विचनेच लावायचा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की हमखास प्रश्न येतो, एसीही याच रिमोटवर घेता येईल का? एसीचा रिमोट टीव्हीसारखा बोलत नाही. ‘एक डिग्री वाढव’ असं तो म्हणतच नाही. दर दाबाला तो पूर्ण परिस्थिती कळवतो: कूलिंग, २४ डिग्री, पंखा मध्यम, झुला (स्विंग) बंद. म्हणून शिकणाऱ्याला ‘तापमान वाढवा’ बटण शिकवलंत तर तो कितीही वेळा दाबला तरी तेच एक तापमान सांगत राहतो. शिवाय एसीची ओळ लांबलचक असते, स्वस्त रिमोटच्या स्मरणात ती मावत नाही. मावलीच तर तीन बटणांवर तीन परिस्थिती शिकवा: २४ ला चालू, २७ ला चालू, आणि बंद. रात्रीपुरतं तेवढं पुष्कळ होतं.

शिकणाऱ्या रिमोटची कल्पना जुनी आहे. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या सीएल ९ कंपनीने १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा असा रिमोट बाजारात आणला होता. कोडांच्या बाजूने सर्वात नावाजलेली लॉजिटेकची हार्मनी मालिका. तिची पेटी इंटरनेटवर होती, नवी यंत्रं आली की यादी वाढायची. तिचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं. आता कुणी जुना हार्मनी विकायला काढला तर हे लक्षात ठेवून घ्या.

आता जे दोघांनाही जमत नाही ते. फायर टीव्ही स्टिकसारख्या काडीला इन्फ्रारेडचा डोळाच नसतो. तिचा रिमोट ब्लूटूथने बोलतो. तिथे ना कोड चालतो, ना शिकवणं. काही नव्या स्मार्ट टीव्हींच्या रिमोटमध्ये पॉवर इन्फ्रारेडवर आणि बाकीची बटणं ब्लूटूथवर असतात, म्हणून पॉवर शिकतं आणि होम बटण शिकत नाही. रिमोट खराब नाही, भाषा वेगळी आहे. ओळखायची युक्ती सोपी: मोबाइलचा सेल्फी कॅमेरा लावून रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट दिवा लुकलुकला तर इन्फ्रारेड. मागच्या कॅमेऱ्याला पुष्कळदा इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते, त्यात दिसेलच असं नाही.

आणि साउंडबार किंवा अँप कंपनीचा असेल, टीव्हीला एचडीएमआयने जोडता येत असेल, तर युनिव्हर्सल रिमोट घेण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करा. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. केबल एआरसी लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणाऱ्या सॉकेटमध्ये हवी. मग टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, टीव्ही लावला की साउंडबारही जागा होतो. ऑप्टिकल केबलमधून आवाज येतो, पण ही सोय येत नाही. कित्येक घरांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो. डीटीएच बॉक्सचा रिमोटही एकदा उलटून पाहा. काहींवर टीव्हीसाठी शिकाऊ बटणं आधीपासून असतात आणि कुणी ती कधी वापरलेलीच नसतात.

दुकानात जाताना घरातले सगळे रिमोट नवे सेल घालून पिशवीतून घेऊन जा. एक बटण तिथेच शिकवून दाखवा म्हणावं, आणि शिकवल्यावर सेल काढून दहा मिनिटांनी परत घालून बघा, शिकलेलं लक्षात राहतंय का. आमच्या रिमोटवर आता आईला लागणारी आठच बटणं आहेत. बाकीच्यांना मी काही शिकवलेलंच नाही. पण जुने रिमोट टाकलेले नाहीत. सेल काढून, दुधाच्या पिशवीत गुंडाळून दिवाणाच्या कप्प्यात ठेवलेत. नवा पडून फुटला तर पुढच्याला त्यांनीच शिकवायचंय.