सड्यावरचा वणवा आकाशातून मोजताना

गोव्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवर, पावसाळ्यात तरारलेले गवत फेब्रुवारी-मार्चपर्यंत पार वाळून जाते आणि एखाद्या दुपारी दूरवर धूर दिसू लागतो. आग कुठे लागली, हे धुरावरून गावातला कोणीही सांगेल. किती जळले, हे मात्र कोणालाच नेमके सांगता येत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले, तेव्हाही हाच प्रश्न होता.

उपग्रह आग दोन प्रकारे पाहतो. धगधगता वणवा सुमारे ४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत इतका प्रखर असतो, की एक किलोमीटरच्या पिक्सेलमधला अगदी लहानसा भाग पेटलेला असला तरी उपग्रहावरच्या ‘मोडिस’ या उपकरणाला तो कळू शकतो. ‘व्हिअर्स’ या तशाच दुसऱ्या उपकरणाचे पिक्सेल ३७५ मीटरचे आहेत. पण गवताची आग तासाभरात विझते, आणि उपग्रह तर ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो; मधल्या वेळेत पेटून विझलेली आग या मोजणीत येतच नाही.

म्हणून दुसरी रीत मला अधिक भरवशाची वाटते: आग नव्हे, तिचा डाग मोजायचा. हिरवे पान निकट अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते. जळल्यावर ते परावर्तन घटते आणि त्याहून लांब तरंगलांबीच्या लघुलहरी अवरक्त किरणांचे वाढते. आगीआधीच्या आणि नंतरच्या प्रतिमांतील हा फरक पाहिला, की जळलेले क्षेत्र उमटते. सड्यावर ही तुलना फार मोलाची आहे, कारण काळवंडलेला जांभा दगड आणि जळके गवत एकाच प्रतिमेत सहज वेगळे ओळखू येत नाहीत.

इथे पिक्सेलचा आकार निर्णायक ठरतो. मोडिसच्या जळित क्षेत्राच्या नकाशात एक पिक्सेल ५०० मीटरचा, म्हणजे २५ हेक्टरांचा असतो. ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहांच्या २० मीटरच्या पिक्सेलांपैकी ६२५ त्यात मावतात. जगातल्या एकूण जळित क्षेत्राचा मोठा वाटा आफ्रिकेच्या सॅव्हाना गवताळ प्रदेशांचा आहे. २०१६ साली सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिका सेंटिनेल-२च्या प्रतिमांवरून मोजली, तेव्हा सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र जळाल्याचे आढळले. मोडिसच्या आकड्यापेक्षा ते जवळपास ८० टक्क्यांनी अधिक होते, म्हणजे असंख्य लहान वणवे आजवर हिशेबातच आले नव्हते.

सड्यावरचे वणवेही बहुधा याच लहान आकाराचे असतात. सेंटिनेल-२ची उपग्रहजोडी दर पाच दिवसांनी तीच जागा टिपते आणि मार्चमध्ये आकाश निरभ्र असते, त्यामुळे त्यांची मोजणी शक्य आहे. मात्र ती पावसाआधीच व्हायला हवी, कारण जूनच्या सरींनंतर सड्यावर नवे कोंब फुटतात आणि काळा डाग पुसला जातो.