ईएफचा आकडा आणि लागणारी धाप : पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट आला की आधी ‘ईएफ’ शोधतात, म्हणजे डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडतं तो आकडा. ५५ असेल तर हुश्श, ३० असेल तर लगेच पुण्याच्या नातेवाइकांना फोन. मात्र ३० वाले काका सुरसागर तलावाला आरामात फेरी मारतात आणि ५५ वाल्या काकूंना पहिल्याच मजल्यावर धाप लागते, असंही होतं.

ध्वनिलहरींनी हृदय पाहायला १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला सुरुवात झाली. तेव्हा हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेइतकं काम नीट करू शकत नाही अशा, रुग्णाला खाटेवरच ठेवत. त्याची श्रमक्षमता मोजणार कोण? ऐंशीच्या दशकात अशा रुग्णांना ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा आडवं झोपवून काढलेल्या ईएफशी तिचा मेळ बसेना. मग ३० मीटरच्या सपाट पॅसेजमधली सहा मिनिटांची चाल रूढ झाली. १९९१ मध्ये हृदयप्रत्यारोपणासाठी रुग्ण निवडताना जास्तीत जास्त श्रमात शरीर किती ऑक्सिजन वापरतं त्यासाठी वजनाच्या किलोमागे मिनिटाला १४ मिलिलिटर ही रेघ पुढे आली. तीही श्रमाच्या चाचणीतूनच.

खरा वाद ईएफच्या ४० ते ५० मधल्या पट्ट्याचा. औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत ४० च्या आतलेच रुग्ण घेतले होते, म्हणून औषधांचा पुरावाही तेव्हा त्यांच्यापुरताच होता. युरोपीय मार्गदर्शिकेने २०१६ मध्ये ४० ते ४९ चा वेगळा गट केला. २०२१ मध्ये त्याचं नाव बदललं आणि हद्द ४१ वर सरकली. आता गंमत अशी, की एकाच हृदयाचा इको दोघांनी केला तर ईएफमध्ये पाच-सातचा फरक सहज पडतो. म्हणजे सकाळी ४३ असलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या सेंटरवर ३८ निघू शकतो आणि त्याचा गटच बदलतो. ही रेघ हृदयाने आखलेली नाही, चाचण्यांच्या सोयीने पडलेली आहे.

काकूंचं हृदय आकुंचन पावतं ठीक, पण ताठरल्यामुळे सैल पडून भरत नाही. जिना चढताना डाव्या कर्णिकेतला (हृदयाच्या वरच्या कप्प्यातला) दाब वाढतो, तो फुफ्फुसांवर येतो. झोपून काढलेल्या चित्रात यातलं काही दिसेलच असं नाही. म्हणून आता काही ठिकाणी तिरक्या सायकलवर पाय मारायला लावून इको करतात, कर्णिकेचा स्ट्रेनही (तिची भिंत किती ताणली जाते तेही) मोजतात. पायांचे अशक्त स्नायू, कमी हिमोग्लोबिन, श्रमात न वाढणारे ठोके ही कारणं त्यातूनही निसटतात.

एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाने २०२१ मध्ये ४० च्या वर ईएफ असलेल्यांचंही हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं कमी केलं. त्याच औषधाच्या आधीच्या चाचण्यांत सहा मिनिटांच्या चालीत मात्र ठोस फरक दिसला नव्हता.