आई-बाबांना डॉक्टरकडे नेताना मराठी दुभाषी मागून घ्या

न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांसाठी माहितीपत्रक

सांगलीहून आलेले सासरे लघवीची तक्रार घेऊन डॉक्टरसमोर बसलेत. मुलाला सुटी मिळाली नाही म्हणून सोबत सून आली आहे. डॉक्टर विचारतात, रात्री किती वेळा उठावं लागतं, धार कशी आहे, रक्त जातं का? सून खालमानेनं मराठीत विचारते. सासरे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणतात, "काही नाही गं, ठीक आहे सगळं." डॉक्टर लिहून घेतात: विशेष तक्रार नाही.

ती सून मी. बाबांचा प्रोस्टेटचा त्रास आम्हाला कळला तो आठ महिन्यांनी, लघवी पूर्ण तुंबून नळी घालायची वेळ आली तेव्हा. त्या दिवशी खोलीत दुभाषी असता तर मी बाहेर बसले असते आणि बाबा बोलले असते. पुढे मी या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं. आज आम्ही बारा जण एडिसन, पिस्कॅटवे, जर्सी सिटी आणि पार्सिपनी भागात रुग्णांसाठी मराठीतून दुभाष्याचं काम करतो.

पैसे कोण भरतं?

तुम्ही भरायचे नाहीत. फोनवर आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून नीट सांगते. ज्या रुग्णालयाला किंवा डॉक्टरला मेडिकेअर, मेडिकेडसारखा केंद्र सरकारचा पैसा मिळतो, त्यानं इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णाला प्रशिक्षित दुभाषी मोफत आणि वेळेवर द्यायचा असतो. याचं मूळ १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे आणि २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टचं कलम १५५७ ते आणखी स्पष्ट करतं. बिल आम्ही रुग्णालयाला पाठवतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेत, त्यांच्याकडे फक्त प्रवास विमा आहे, तरीही हा हक्क त्यांना आहे.

मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, तेव्हा काळजीनं पुष्कळ जणांनी फोन केले. त्या आदेशानं २००० सालचा भाषासेवेविषयीचा जुना आदेश रद्द झाला. कलम १५५७ हा काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, केलेला कायदा आहे. तो त्या आदेशानं रद्द झालेला नाही.

"तुमचा माणूस तुम्हीच आणा" असं रुग्णालयानं तुम्हाला सांगायचं नसतं. अठरा वर्षांखालच्या नातवंडाकडून भाषांतर करून घ्यायलाही मनाई आहे. जीव धोक्यात असेल आणि दुभाषी मिळेपर्यंत थांबणं शक्य नसेल, तेवढाच काय तो अपवाद.

हिंदी नको, मराठीच

अपॉइंटमेंट घेताना "इंडियन" म्हटलं की बऱ्याचदा हिंदी दुभाषी लावून टाकतात. आजींना हिंदी येतं, पण ते भाजीवाल्याशी आणि टीव्हीपुरतं. ठणका, कळ, चमक, मुंग्या, पोटात गोळा, जीव घाबरा होणं, अंगावरून जाणं, हे त्यांना हिंदीत सांगता येत नाही आणि मग त्या "दर्द है" एवढ्यावर थांबतात. ठणका आणि चमक यांतला फरक डॉक्टरला निदानासाठी हवा असतो.

एकट्या "पित्ता"चंच बघा. "मला पित्त झालंय" म्हणणाऱ्या कुणाची छाती जळत असते, कुणाचं अर्धं डोकं दुखत असतं. "अंगावर पित्त उठलंय" म्हणजे अंगभर खाजरे चट्टे. "पित्त पडलं" म्हणजे कडू उलटी झाली. घाईत याचं सरसकट "अ‍ॅसिडिटी" करणारा मुलगा वाईट नसतो, त्याला फक्त थांबून विचारायची सवय नसते. आमचा दुभाषी डॉक्टरला सांगतो, "या शब्दाचे अनेक अर्थ होतात, मी विचारून घेतो," आणि मग आजींना विचारतो.

१९८० साली फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये "इन्टॉक्सिकाडो" म्हटलं. त्यांना म्हणायचं होतं, खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी धरलं की नशेचा डोस जास्त झाला. मेंदूतल्या रक्तस्रावावर वेळेत उपचार झाले नाहीत आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. या कामाच्या प्रशिक्षणात आम्ही हे प्रकरण दर तुकडीला शिकवतो.

दुभाषी काय करतो, काय करत नाही

तो रुग्णाच्या शेजारी, किंचित मागे बसतो, म्हणजे डॉक्टर रुग्णाकडे बघून बोलतात. तो "त्यांना दुखतंय" म्हणत नाही, रुग्णाच्या तोंडून आल्यासारखं "मला दुखतंय" म्हणतो. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, पाच मिनिटांत सवय होते. खोलीत बोललेलं सगळं तो भाषांतरित करतो, तुम्ही आपसात हळूच बोललेलंसुद्धा. खोलीबाहेर मात्र एक शब्द जात नाही. आपला समाज इथे छोटा आहे, गणपतीत सगळे भेटतात, ही तुमची भीती आम्हाला कळते. दुभाषी ओळखीचा निघाला तर सांगा, आम्ही दुसरा पाठवू.

एक अवघड गोष्ट. "कॅन्सर आहे हे आईला सांगू नका" अशी विनंती आम्हाला नेहमी केली जाते. त्यामागची माया आम्हाला दिसते. पण डॉक्टर जे बोलले ते दुभाष्याला गाळता येत नाही. आईला किती आणि कसं सांगायचं, हे आधी डॉक्टरांशी बोला. "तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मुलाशी बोलू?" हे डॉक्टर आईलाच विचारू शकतात, आणि तिचं उत्तर मानतात.

प्रमाणपत्राबद्दल: सीसीएचआय ही राष्ट्रीय संस्था स्पॅनिश, अरबी आणि मँडरिनसाठी त्या त्या भाषेतली तोंडी परीक्षा घेते, मराठीची घेत नाही. म्हणून निदान चाळीस तासांचं वैद्यकीय दुभाषी प्रशिक्षण झालंय का, हे जरूर विचारा. आमच्या सगळ्यांचं झालेलं आहे, आणि मराठीची परीक्षा आम्ही स्वतः घेतो.

मागायचं कसं?

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. मराठी दुभाषी स्पॅनिशसारखा हाकेसरशी मिळत नाही. निदान दोन दिवस हातात असावेत. फाइलवर "प्रेफर्ड लँग्वेज" या रकान्यात मराठी लिहून घ्या, म्हणजे दर वेळी सांगावं लागणार नाही. रिपोर्ट समजून घ्यायला फोनवरचा दुभाषी चालतो. पण नवं निदान, ऑपरेशनची संमती, किंवा ऐकायला कमी येणारे आजोबा असतील तर समोर बसलेला माणूसच मागा.

पत्रकाच्या शेवटी कापून घ्यायचं कार्ड आहे. ते आई-बाबांच्या पाकिटात ठेवा आणि एकदा मोठ्यानं वाचून घ्या: "आय स्पीक मराठी. आय नीड अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज."

भारतातून आणलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत घालून न्या. नुसतं नाव सांगून भागत नाही. आपलं पॅरासिटामॉल इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून ओळखतात. बाबा क्रोसिन घेतायत आणि डॉक्टर टायलेनॉल लिहून देतायत, तर एकच औषध दुप्पट पोटात जातं आणि यकृतावर ताण येतो. दुभाषी औषधाचा सल्ला देत नाही, पण पाकिटावरचं नाव डॉक्टरला वाचून दाखवतो.

अपॉइंटमेंट पुढे ढकलली तर रुग्णालयाबरोबर आम्हालाही कळवा. त्या वेळी दुसऱ्या कुणाचे तरी आई-बाबा दुभाष्याची वाट बघत असतात.