क्वेकर बिझनेस मीटिंग

क्वेकर हा ख्रिश्चन धर्मातला एक छोटा पंथ. अधिकृत नाव रिलिजियस सोसायटी ऑफ फ्रेंड्स, 1650 च्या आसपास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांपासून सुरू झाला, आणि ही माणसं एकमेकांना फ्रेंड म्हणतात. यांच्या मंडळीचं, म्हणजे सभासदांच्या समूहाचं, कामकाज जिथे चालतं ती सभा म्हणजे बिझनेस मीटिंग. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, या सभेत मतदान होत नाही. हात वर करणं नाही, चिठ्ठ्या नाहीत, बहुमत नाही, अध्यक्षाचं जादा मत नाही, आणि तरीही मीटिंग हाउसच्या (त्यांच्या उपासनेच्या जागेच्या) छपराच्या दुरुस्तीपासून ते सभासदाने गुलाम ठेवावा की नाही इथपर्यंतचे निर्णय याच पद्धतीने झालेत.

यामागची श्रद्धा साधी आहे. प्रत्येक माणसात देवाचा काहीतरी अंश आहे, त्यामुळे देव कुणाच्याही तोंडून बोलू शकतो, त्याला पाळकच, म्हणजे धर्मगुरूच, लागतो असं नाही. मग सभेचं काम काय, तर कुणाची बाजू जिंकते ते बघणं नाही, देवाची इच्छा काय आहे ते सगळ्यांनी मिळून ओळखणं. एकदा हे मानलं की डोकी मोजण्याला अर्थच उरत नाही, कारण चाळीस जणांचं चुकू शकतं आणि मागच्या बाकावर बसलेल्या एकीचं बरोबर असू शकतं. म्हणून या सभेलाही ते उपासनाच मानतात.

सभा चालते कशी ते नीट बघण्यासारखं आहे (हे मुख्यतः ब्रिटनमधल्या पद्धतीचं वर्णन, तिथे पगारी पाळक नसतो). सुरुवात शांततेने होते, सगळे गप्प बसतात. समोर टेबलाशी क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा फ्रेंड, बसतो किंवा बसते, हे पद काही वर्षांपुरतं असतं, मग दुसरं कुणीतरी. क्लार्क विषय मांडतो. ज्याला बोलायचंय तो उभा राहतो, क्लार्कने खूण केली की बोलतो, तेही सगळ्यांना उद्देशून, आधीच्या माणसाला उत्तर म्हणून नाही. तो खाली बसला की लगेच दुसरा उठत नाही, मध्ये थोडी शांतता ठेवतात, ऐकलेलं मनात उतरावं म्हणून. एका विषयावर माणूस शक्यतो एकदाच बोलतो. दुसऱ्याने आपल्या मनातलं बोलून टाकलं असेल तर तेच परत बोलायला उठायचं नाही. टाळ्या नाहीत. आधीच मत पक्कं करून येऊ नये आणि आपणच चुकत असू ही शक्यता धरून बसावं असा सल्ला त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकातच दिलाय.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मिनिट, म्हणजे निर्णयाची नोंद. आपल्याकडे मिनिट्स सेक्रेटरी घरी जाऊन लिहितो आणि पुढच्या मीटिंगला वाचतो, तोवर कोण काय बोललं यावर निम्मी भांडणं होतात. इथे मिनिट तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर लिहितात. समजा, हॉल एखाद्या संस्थेला भाड्याने द्यायचा का असा विषय आहे. आठ-दहा जण बोलले, आणि क्लार्कला वाटलं की आता सभेचा कल दिसतोय, की तो लिहायला लागतो आणि तेवढा वेळ बाकीचे गप्प बसून राहतात, कुणी कुजबुजत नाही, मोबाईल काढत नाही. मग तो मोठ्याने वाचतो, 'आम्ही एक वर्षासाठी हॉल द्यायचं ठरवलं' वगैरे. कुणी म्हणतं, 'एक वर्ष' असं ठरलेलं नाही, 'वर्षभराने परत बघू' असं ठरलंय. शब्द बदलतात, परत वाचतात. शेवटी क्लार्क विचारतो हे चालेल का, आणि ब्रिटनमध्ये लोक 'होप सो' म्हणतात, अमेरिकेत 'अप्रूव्ह'. एकदा ते झालं की तो सगळ्यांचा निर्णय, बाहेर जाऊन 'माझा तर विरोधच होता' म्हणायचं नाही. माझ्या मते या पद्धतीचं सगळं बळ या वाचून दाखवण्यात आहे. आपलं खरंच ऐकलं का, हे माणसाला सभेतून उठायच्या आत कळतं.

क्लार्कला स्वतःचं मत मांडायचं नसतं, त्याने फक्त सभेचं ऐकायचं. अगदीच राहवलं नाही तर असिस्टंट क्लार्कला टेबलावर बसवून तो त्या विषयापुरता बाजूला होतो.

एकमत झालं नाही तर काय? तर विषय पुढे ढकलतात, आणि तेही मिनिटात लिहितात, की आज आम्ही एकत्र येऊ शकलो नाही. कधी एखादी फ्रेंड म्हणते मला हे पटलेलं नाही पण मी सभेला अडवणार नाही, याला स्टँडिंग असाइड म्हणतात. विषय फार तापलेला असेल तर आधी थ्रेशिंग मीटिंग घेतात, त्यात निर्णय घ्यायचाच नाही असं आधी ठरलेलं असतं, फक्त सगळं बोलून घ्यायचं.

हे सगळं एकदम तयार झालेलं नाही. सुरुवातीच्या क्वेकरांवर फार छळ झाला, हजारोंनी तुरुंगात गेले, त्यांच्या बायकामुलांना बघायला काहीतरी व्यवस्था लागत होती. दुसरं म्हणजे 1656 मध्ये जेम्स नेलर नावाचा मोठा प्रचारक घोड्यावर बसून ब्रिस्टलमध्ये शिरला, येशू जेरुसलेममध्ये शिरला तसा, आणि पार्लमेंटने त्याला भयंकर शिक्षा दिली. प्रत्येकात प्रकाश, म्हणजे देवाचा तो अंश, आहे हे ठीक, पण मला आज प्रकाश दिसला असं कुणीही म्हणेल त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना. 1660 च्या दशकाच्या शेवटी फॉक्सने गावोगाव मंथली मीटिंगची घडी बसवली, वर क्वार्टर्ली, त्याच्याही वर इयर्ली मीटिंग. एकट्याला जे सुचलं ते सगळ्यांनी मिळून तपासायचं.

या पद्धतीची खरी परीक्षा गुलामगिरीवर झाली आणि तिथे तिचं चांगलं-वाईट दोन्ही दिसतं. 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउनच्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निवेदन दिलं. मंथली मीटिंग म्हणाली विषय फार मोठा आहे, वर पाठवू. क्वार्टर्लीने इयर्लीकडे पाठवलं. इयर्लीने बाजूला ठेवलं, आणि तो कागद 1844 पर्यंत विस्मरणात गेला. 1738 मध्ये बेंजामिन ले नावाचा बुटका, कुबड असलेला फ्रेंड इयर्ली मीटिंगमध्ये उठला आणि त्याने तलवारीने एक पोकळ पुस्तक भोसकलं, आत लाल रस भरलेली पिशवी होती, तो रस गुलाम ठेवणाऱ्यांच्या अंगावर उडाला. त्यालाच मंडळीतून काढून टाकलं! जॉन वूलमन नावाच्या फ्रेंडची रीत वेगळी होती, तो गुलाम बाळगणाऱ्या फ्रेंड्सच्या घरी जायचा, बसायचा, बोलायचा, वर्षानुवर्षं. 1758 मध्ये फिलाडेल्फियाच्या इयर्ली मीटिंगने ठरवलं की गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्याला कामकाजात भाग घेता येणार नाही, आणि 1776 मध्ये गुलाम ठेवणाऱ्याला सभासदच राहता येणार नाही. म्हणजे पहिल्या निवेदनापासून 88 वर्षं लागली. अमेरिकन सरकारच्या कितीतरी आधी, आणि मंडळी न फुटता, हे खरं. पण त्या 88 वर्षांची किंमत सभेत बसलेल्यांनी नाही मोजली, ज्यांना त्या सभेत बोलायची सोयच नव्हती त्यांनी मोजली. शांतपणे ऐकणारी सभासुद्धा कुणाला आत बसवलंय यावरच ठरते, हे मला या इतिहासात सगळ्यात जास्त टोचतं. बायकांच्या बिझनेस मीटिंगसुद्धा बरीच वर्षं वेगळ्या होत्या आणि पैशाचे मोठे निर्णय बहुतेक पुरुषांच्या सभेत व्हायचे.

अलीकडचं उदाहरण म्हणजे 2009, यॉर्कला ब्रिटनच्या इयर्ली मीटिंगने समलिंगी जोडप्यांची लग्नं इतर लग्नांसारखीच लावायची असं ठरवलं. तिथला कायदा त्यानंतर 2013 मध्ये झाला. सगळ्या क्वेकरांचं यावर एक मत नाही, सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत, तिथे पाळक असतात, गाणी-प्रवचन असतं, आणि मतंही बरीच पारंपरिक आहेत.

भारतात ब्रिटिश क्वेकर मिशनचं केंद्र नर्मदेकाठी होशंगाबादला होतं, आताचं नर्मदापुरम. महाराष्ट्राशी धागा जुळतो तो मार्जरी साइक्समुळे. 1928 मध्ये मद्रासला शिक्षिका म्हणून आलेल्या या बाई पुढे क्वेकर झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, शिक्षकांना शिकवायला राहिल्या. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचा क्वेकरांशी काही संबंध नाही, पण तिथली ग्रामसभाही बहुमताने नाही तर सर्वसहमतीने निर्णय घेते, त्यामुळे मराठी माणसाला ही पद्धत वाटते तेवढी परकी नाही. फरक एवढाच की क्वेकर लोक स्वतःच्या पद्धतीला सहमती म्हणायला तयार नसतात. त्यांच्या मते सहमतीत प्रत्येक जण आपलं थोडं थोडं सोडतो, आणि इथे सगळे मिळून असं काहीतरी शोधतात जे सभेला येताना कुणाच्याच डोक्यात नव्हतं.